नेचरोपॅथीचा डॉक्टर व्हायचंय? फी भरायच्या आधी हे बघा

परवा सुदामा नगरला मावसबहिणीकडे गेले तर टेबलावर नेचरोपॅथीच्या म्हणजे निसर्गोपचाराच्या १ वर्षाच्या डिप्लोमाचं ब्रोशर, त्यावर मोठ्या अक्षरात, नावापुढे डॉक्टर लावा. मी म्हटलं ताई थांब, चेक लिहू नकोस. मी स्वतः इंदूरहून कर्नाटकात जाऊन हे शिकलेय म्हणून सांगते.

यातली खरी डिग्री म्हणजे बीएनवायएस, बॅचलर ऑफ नेचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर बरोबर १ वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच. लोकांना वाटतं माती लावायची नि योगासनं शिकवायची, पण पहिल्या वर्षापासून ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असतं, पुढे पॅथॉलॉजी, आणि मग हायड्रोथेरपी म्हणजे पाण्याचे उपचार, उपवास, आहार, मसाज वगैरे, म्हणजे मेहनत भरपूर आहे, शिकायला जाणाऱ्या मुलीला आधी हे नीट समजावा. ॲडमिशनचे नियम राज्याराज्यात वेगळे. कर्नाटकात सीईटी असते, पण बाहेरच्या राज्यातल्या मुलांना कोणत्या कोट्यातून सीट मिळते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच फॉर्म भरा.

आता खरी गोम रजिस्ट्रेशनची, म्हणजे प्रॅक्टिससाठी नाव नोंदवण्याची. आयुर्वेदवाल्यांना दिल्लीचं कमिशन आहे, त्याच्या २०२० च्या कायद्यात नेचरोपॅथी नाही, त्यामुळे आपलं सगळं राज्यावर. मध्य प्रदेशात १९७० चा आयुर्वेदिक, युनानी तथा प्राकृतिक चिकित्सा व्यवसायी अधिनियम आहे आणि ही नोंदणी करणारं बोर्ड भोपाळला. म्हणून फी भरायच्या आधीच बोर्डाला अर्ज देऊन विचारा की या युनिव्हर्सिटीची बीएनवायएस तुम्ही रजिस्टर करता का, आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या हो ला काही अर्थ नाही. साडेपाच वर्षांनी कळलं तर मुलीचं वय परत येत नाही हो! कॉलेजला पण विचारा, हॉस्पिटल स्वतःचं आहे का, पेशंट किती येतात, इंटर्नशिप कुठे होते, आणि शक्य असेल तर एक दिवस तिथे जाऊन ओपीडीत बसा.

अमेरिकेचं स्वप्न असेल तर तो रस्ताच वेगळा, तिथे ग्रॅज्युएशननंतर सीएनएमई या नेचरोपॅथी कॉलेजं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या कॉलेजात साधारण ४ वर्षं, मग लायसन्ससाठीची एनप्लेक्स परीक्षा, आणि लायसन्स सगळ्या राज्यांत मिळतच नाही, आपल्या बीएनवायएसवर तिथे थेट प्रॅक्टिस होत नाही.

ताईने ब्रोशर बाजूला ठेवलंय, सोमवारी आम्ही दोघी भोपाळला जातोय अर्ज द्यायला.