पिकअपला ट्रेलरसाठी हिच: निवड आणि बसवणी

हिच, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी पिकअपच्या मागे बसवायची लोखंडी चौकट, पाहायला दुकानात जाण्याआधी ट्रेलर नेहमीच्या मालासह एकदा वजनकाट्यावर न्यावा आणि पावती जपून ठेवावी. हिचवर कोरलेला आकडा मोठा असला म्हणजे काम झाले, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात पिकअपच्या मालकपुस्तिकेतील ओढक्षमता, हिच, तिच्यावरचा बॉल (लोखंडी गोळा) आणि त्या बॉलवर बसणारा ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा कपलर या चारांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची मर्यादा होय. पुस्तिकेत ओढक्षमता दिलेली नसेल, तर ती उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्यावी. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी पिकअपला जो हुक दिलेला असतो, तो ट्रेलर ओढण्यासाठी मुळीच वापरू नये.

कागदपत्रांचे कामही याच टप्प्यावर उरकावे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि ट्रेलरची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. म्हणून गाडी नागपूरच्या एमएच-31, एमएच-40 किंवा एमएच-49 यांपैकी ज्या आरटीओ कार्यालयात नोंदलेली असेल, तेथे हिच बसवण्यापूर्वीच विचारणा करावी. विमा कंपनीलाही कळवावे.

आता सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट, म्हणजे बॉलवर खालच्या दिशेने पडणारा भार. मालासह ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार बॉलवर असावा, अर्थात हिच आणि पिकअप यांच्यासाठी दिलेल्या मर्यादेच्या आत. संत्र्याचे क्रेट भरलेला ट्रेलर 800 किलोचा असेल, तर बॉलवर 80 ते 120 किलो आले पाहिजेत. हा भार मोजण्यासाठी मोठा वजनकाटा उपयोगाचा नाही, कारण तेथे पाच-दहा किलोचा फरक सहसा दिसतच नाही. नागपूरच्या कळमना बाजारात अडत्यांकडे असतो तसा साधा तोलकाटा सपाट जमिनीवर ठेवावा, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावाव्यात, आणि कपलर प्रत्यक्ष जोडणीच्या उंचीवर येईल एवढा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करून त्यावर टेकवावा. ठोकळ्याचे वजन वजा केले की भार मिळतो. तो कमी भरल्यास क्रेट पुढे सरकवावेत, जास्त भरल्यास मागे. मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढताच डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, तर पुढे जड झालेला ट्रेलर पिकअपचे मागचे पाटे दाबतो आणि पुढची चाके हलकी झाल्यामुळे स्टिअरिंगची पकड जाते. बॉलवरचा हा भार पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. हौदा गच्च भरून वर ट्रेलरही जोडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

बॉल आणि कपलर यांचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. बाजारात 50 मिलिमीटर आणि दोन इंच, म्हणजे 50.8 मिलिमीटर, असे दोन्ही बॉल मिळतात आणि हातात घेतल्यावर सारखेच वाटतात; पण दोन इंचांच्या कपलरमध्ये 50 मिलिमीटरचा बॉल सैल राहतो आणि खड्ड्यात आपटून निसटू शकतो. दोन्हींवर कोरलेले माप वाचूनच खरेदी करावी. बॉलची उंची ठरवताना पिकअप भरलेली असावी, कारण रिकाम्या पिकअपवर घेतलेले माप पाटे दबल्यावर चुकते. जोडणीनंतर ट्रेलर जमिनीला समांतर दिसला पाहिजे.

बसवणीत माझा आग्रह एकच आहे: हिच चेसिसला वेल्डिंगने जोडू नये. उष्णतेमुळे चेसिसच्या पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि तडा नेमका वेल्डच्या कडेने जातो. शिवाय तो बराच काळ डोळ्यांना दिसत नाही. आपल्या मॉडेलसाठीच बनवलेली, चेसिसच्या मूळ छिद्रांत नट-बोल्टने बसणारी हिच घ्यावी आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन छिद्रे पाडू नयेत. बोल्ट हिचच्या उत्पादकाने सांगितलेल्याच दर्जाचे असावेत, 8.8 किंवा 10.9 हा दर्जा बोल्टच्या माथ्यावर कोरलेला असतो. आधी सर्व बोल्ट हाताने लावून हिच मधोमध आणावी, मग दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आळीपाळीने आवळावेत. बॉलखालच्या नटलाही हाच नियम लागू आहे.

दोन सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर तो रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडतो. वळताना त्या ताणल्या जाऊ नयेत आणि जमिनीलाही घासू नयेत. ट्रेलरचे ब्रेक दिवे व इंडिकेटर चालतात, हे दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावे.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. नागपूरहून काटोलला जाऊन परत येईपर्यंत एवढे अंतर होतेच. वाटेत ट्रेलर झोके घेऊ लागल्यास जोरात ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. ट्रेलर सोडल्यावर बॉलची दांडी पिन काढून बाहेर घ्यावी, कारण गाडीच्या मागे बाहेर आलेले ते लोखंड नागपूरजवळच्या वाडीच्या गर्दीत दुचाकीस्वाराच्या गुडघ्याच्या उंचीवर येते आणि नंबर प्लेटही झाकते.