अर्ध्यावर तुटलेली कारकीर्द कशी वाचावी: रॉजर रिव्हिएर

नुसतं विजेतेपदांचं कोष्टक बघू नका. तूर द फ्रान्स या कित्येक दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत फ्रेंच सायकलपटू रिव्हिएर नाहीच, तुम्ही सरळ पुढे जाल.

सुरुवात ट्रॅकवरून करा. सेंत-एतियेनचा हा पोरगा १९५७ मध्ये मिलानच्या विगोरेल्ली ट्रॅकवर तासाभरात ४६.९२३ किमी गेला. पुढच्या वर्षी मधेच टायर पंक्चर होऊनही ४७.३४७! माझ्या लेखी हा आकडा त्याच्या कुठल्याही स्टेजविजयापेक्षा (स्टेज म्हणजे शर्यतीतला एका दिवसाचा टप्पा) मोठा.

मग १९६० चा तूर घ्या, पण अपघातापासून नको. आधी लोरियां शहरात संपलेली सहावी स्टेज. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला मिळणारी पिवळी जर्सी आपल्याच संघातल्या आंरी आंग्लादच्या अंगावर, आणि हा पठ्ठ्या इटलीच्या गास्तोने नेन्चिनीला सोबत घेऊन सुटला. मागच्यांना चौदा मिनिटांहून जास्त फटका. आंग्लाद भडकला, आणि मला विचाराल तर रास्तच भडकला.

नेन्चिनी म्हणजे उतारावरचा वाघ. १० जुलैला सेव्हेन डोंगरात, कोल द पेर्ज्युरेच्या उतारावर रिव्हिएर त्याच्या मागे लागला, कठडा ओलांडून खाली कोसळला. पाठीचा कणा मोडला, वय २४, शर्यती संपल्या.

इथे निकाल द्यायची घाई नको. आधी त्याने ब्रेकवर खापर फोडलं. पालफियम हे जबर वेदनाशामक घेतल्याचं नंतर कबूल केलं. बोटं बधिर होऊन ब्रेक दाबलाच गेला नसावा, असा तर्क आहे. दोन्ही बाजू शेजारी ठेवूनच वाचा.

तो तूर नेन्चिनीने जिंकला. रिव्हिएर १९७६ मध्ये चाळिशीत कर्करोगाने गेला.