गो-टू दुर्बिणीचा रिमोट: मेनूतून वाट कशी काढायची

गो-टू दुर्बिणीला, म्हणजे मागितलेल्या वस्तूकडे मोटरने स्वतः वळणाऱ्या दुर्बिणीला, शनी मागितला आणि ती भलत्याच दिशेला जाऊन थांबली, की मोटरवर संशय घेतला जातो. मोटर बहुधा ठणठणीत असते. चूक झालेली असते ती रिमोट सुरू केल्यावर येणाऱ्या पहिल्या चार-पाच स्क्रीनवर. रिमोटला आकाश दिसत नाही. तुम्ही कुठे उभे आहात, तारीख कोणती आणि वाजले किती, एवढं तुम्ही सांगता आणि त्यावरून तो गणित मांडतो. म्हणून त्या स्क्रीन घाईने एंटर दाबत पुढे ढकलू नयेत. तिथे घालवलेली पाच मिनिटं पुढची रात्र वाचवतात.

इथे स्काय-वॉचरचा सिनस्कॅन आणि सेलेस्ट्रॉनचा नेक्सस्टार प्लस या दोन रिमोटचा विचार केला आहे. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, क्रम साधारण तोच राहतो.

आधी वीज

रिमोटला हात लावण्याआधी वीज नक्की करा. माउंटला, म्हणजे नळी पेलून फिरवणाऱ्या भागाला, 12 व्होल्ट डीसी लागतात आणि पिनचा आतला भाग धन असतो. ही पिन उलटी जोडली तर बोर्ड जळू शकतो. आठ पेन्सिल सेलवर दुर्बीण चालते, पण मोटर वेगाने फिरू लागली की सेल लवकर बसतात. व्होल्टेज पडलं की रिमोट मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि केलेलं सगळं अलाइनमेंट, म्हणजे ताऱ्यांवरून रिमोटला करून दिलेली आकाशाची ओळख, पुसलं जातं. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घ्या, म्हणजे संध्याकाळभराची काळजी मिटते. लाइट जाणाऱ्या गावात घरच्या प्लगमधल्या अडॅप्टरपेक्षा ती कधीही बरी. बटण दाबण्याआधी ट्रायपॉड स्पिरिट लेव्हलने सपाट करा. गच्चीवर असाल तर पाय स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा खांबाच्या वर येतील असे ठेवा, म्हणजे कुणी चाललं तरी चित्र कमी हलतं.

बटणांची भाषा

बाणांची चार बटणं दुर्बीण हलवतात. मेनूत वर-खाली जायची बटणं वेगळी असतात, लहान, आणि दोन्ही रिमोटवर ती आकड्यांच्या बटणांवरच छापलेली असतात किंवा त्यांच्या जवळ असतात. नवख्या हाताकडून मेनू बदलायला मोठा बाण दाबला जातो आणि दुर्बीण जागची हलते. एंटर म्हणजे हो, पुढे. मागे यायला सिनस्कॅनवर एस्केप आणि नेक्सस्टार प्लसवर बॅक. दुर्बीण वळत असताना तीच बटणं तिला थांबवतात. हे अंधारात बोटांना माहीत असायला हवं, कारण नळी ट्रायपॉडच्या पायावर आदळायला निघाली तर तेवढाच वेळ मिळतो.

वेगाचं बटण सिनस्कॅनवर रेट, नेक्सस्टारवर मोटर स्पीड. ते दाबून आकडा द्यायचा. 9 म्हणजे पूर्ण वेग, फक्त ढोबळ दिशा गाठायला. फाइंडरमध्ये (नळीवरच्या छोट्या नेम धरायच्या दुर्बिणीत) तारा मध्यावर आणायला 6 किंवा 7, आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) 4 किंवा 5. बाण दाबूनही दुर्बीण हलत नाही अशी तक्रार असेल तर आधी वेग पाहा. तो 1 किंवा 2 वर राहिलेला असतो, आणि त्या वेगाची हालचाल नुसत्या डोळ्याला कळतच नाही.

जागा, झोन, तारीख, वेळ

सिनस्कॅन आधी रेखांश, मग अक्षांश विचारतो, आणि दोन्ही अंश-कलांमध्ये मागतो. मोबाइलचा नकाशा मात्र दशांशात दाखवतो. मोबाइलवर 75.56 दिसलं म्हणून 75 अंश 56 कला भरू नका. दशांशाला 60 ने गुणा: 0.56 गुणिले 60 म्हणजे सुमारे 34 कला. जळगाव 75°34' पूर्व, 21°01' उत्तर. भुसावळ 75°47', 21°03'. धुळे 74°47', 20°54'. नंदुरबार 74°15', 21°22'. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत किंवा सातपुड्याच्या पायथ्याला दुर्बीण लावणार असाल तर जवळच्या मोठ्या गावाचे आकडे चालतात. पाच-दहा किलोमीटरने काही बिघडत नाही.

बिघडतं ते एका अक्षराने. रेखांशापुढे पूर्वेच्या ई ऐवजी पश्चिमेचा डब्ल्यू राहून गेला की रिमोट तुम्हाला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या जवळपास नेऊन बसवतो. मग तो क्षितिजाखालचे तारे सुचवतो आणि समोर डोळ्यांना दिसणारा तारा यादीतच सापडत नाही. असं झालं की सगळ्यात आधी हे अक्षर तपासा. उंची विचारली तर जळगावसाठी 200 मीटर भरा. हा आकडा थोडा चुकला तरी फरक पडत नाही.

आता टाइम झोन. भारतीय वाचकाने इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. सिनस्कॅनमध्ये झोन तास-मिनिटांत भरता येतो, +05:30 असा, आणि प्रश्न मिटतो. नेक्सस्टारमध्ये झोन यादीतून निवडायचा असतो. तिथे साडेपाच तासांचा पर्याय दिसला तर तो घ्या. दिसला नाही तर जवळचा म्हणून पाच किंवा सहा घेऊ नका. आकाश तासाला 15 अंश सरकतं, म्हणजे अर्ध्या तासाची चूक साडेसात अंशांची. पूर्ण चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो. असे पंधरा चंद्र शेजारी ठेवल्यावर जेवढं अंतर होईल तेवढी दुर्बीण चुकते. त्याऐवजी युनिव्हर्सल टाइमचा झोन निवडा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करून वेळ भरा. रात्री 8:45 असतील तर 15:15. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत तारीखही आदल्या दिवशीची भरावी लागते, हे मात्र विसरू नका.

तारखेत महिना आधी, दिवस नंतर. 5 डिसेंबर म्हणजे 12/05. उलटं भरलं तर रिमोट 12 मे समजतो आणि तक्रारही करत नाही. दिवस 12 च्या पुढचा असला तरच चूक उघडी पडते, कारण तेराव्या महिन्याला तो नकार देतो. डेलाइट सेव्हिंग विचारलं की नेहमी नाही, नेक्सस्टारवर स्टँडर्ड टाइम. वेळ मोबाइलवरून घ्या, मनगटावरून नको. जागा रिमोटच्या लक्षात राहते. तारीख-वेळ मात्र जीपीएस नसेल तर दर वेळी द्यावी लागते.

अलाइनमेंट

पुढचा प्रश्न येतो, अलाइनमेंट सुरू करायचं का? सिनस्कॅनवर 1 म्हणजे हो. ऑल्ट-अझ माउंटला, म्हणजे वर-खाली आणि आडवं फिरणाऱ्या माउंटला, दोन पर्याय असतात. ब्राइटेस्ट स्टारमध्ये दिशा निवडली की त्या बाजूचे ठळक तारे रिमोट दाखवतो. तारे ओळखता येत नसतील तर हा घ्या. टू-स्टारमध्ये दोन्ही तारे तुम्ही निवडता. नेक्सस्टारवर स्काय-अलाइन असतं. त्यात कोणत्याही तीन ठळक ज्योती मध्यावर आणायच्या, नाव माहीत नसलं तरी चालतं. पण ज्योतींची ओळख रिमोट तुम्ही दिलेल्या वेळ आणि जागेवरूनच पटवतो. झोन चुकला असेल तर स्काय-अलाइन हमखास अपयशी ठरतं. तारे ओळखू येत असतील तर नेक्सस्टारवर ऑटो टू-स्टार जास्त भरवशाचं आहे. त्यात पहिला तारा तुम्ही निवडता, दुसऱ्याकडे दुर्बीण स्वतः जाते.

तारे कोणते घ्यायचे यावर पुढची सगळी अचूकता उभी असते. दोन्ही तारे क्षितिजापासून 15 ते 60 अंशांच्या दरम्यान असावेत आणि त्यांच्या दिशांमध्ये 45 ते 135 अंशांचा फरक असावा. 90 च्या आसपास असेल तर उत्तम. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण 10 अंश होते, अंदाजाला ती पुरे. अगदी डोक्यावरचा तारा टाळा. तिथे दिशेच्या मोटरने मोठा फेरा मारूनही तारा जेमतेम हलतो, त्यामुळे नीट मध्यावर आणता येत नाही. खान्देशचा अक्षांश 21 च्या आसपास असल्यामुळे स्वाती आणि रोहिणी माथ्यावर आले की जवळपास खस्वस्तिकातून जातात. जानेवारीच्या मध्यात रात्री नऊला रोहिणी अशीच डोक्यावर असते. ठळक असली तरी त्या वेळी ती घेऊ नका. ध्रुवही अलाइनमेंटला नको, तो खगोलीय ध्रुवाच्या फार जवळ आहे. उत्तर दिशा शोधायला मात्र तोच घ्या. इथून तो क्षितिजापासून 21 अंशांवर, म्हणजे दोन मुठी वर दिसतो. गच्चीतल्या लोखंडी सळयांजवळ होकायंत्र चुकतं.

रिमोटच्या यादीत आपली नावं नसतात. सिरियस म्हणजे व्याध, कॅपेला ब्रह्महृदय, अल्डेबरन रोहिणी, प्रोसियॉन प्रश्वा, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्कट्युरस स्वाती, अंटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण, फोमालहॉट मीनास्य. रात्री नऊच्या सुमाराला जानेवारीत व्याध आणि ब्रह्महृदय ही जोडी छान जमते. मेमध्ये मघा आणि चित्रा घ्या. नोव्हेंबरच्या मध्यात पश्चिमेला श्रवण आणि दक्षिणेकडे मीनास्य.

तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल फक्त वरच्या आणि उजव्या बाणाने करा. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी ढील असते. एकाच बाजूने येऊन थांबलं की ती ढील दर वेळी एकाच बाजूला दाबली जाते. तारा मध्य ओलांडून गेला तर थोडा मागे न्या आणि पुन्हा त्याच दोन बाणांनी आणा. आयपीस 25 मिलिमीटरची ठेवा. मध्य नीट साधत नसेल तर फोकस मुद्दाम बिघडवून ताऱ्याची मोठी चकती करा. ती दृष्टिक्षेत्राच्या मधोमध बसवणं सोपं जातं.

नेक्सस्टारवर प्रत्येक ताऱ्यासाठी दोन बटणं लागतात: फाइंडरमध्ये मध्यावर आला की एंटर, आयपीसमध्ये मध्यावर आला की अलाइन. अलाइन दाबलं नाही तर रिमोट तसाच थांबून राहतो आणि तो अडकला असं वाटतं. अलाइनमेंट फेल असा संदेश आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. आधी आठवा, दुसरा तारा खरंच तोच होता का? मृगातले काक्षी आणि राजन्य, म्हणजे बेटेलज्यूस आणि रायजेल, यांत गल्लत होते. फाइंडर दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर मुख्य नळीशी जुळवलेला नसेल तर ताऱ्याऐवजी शेजारचाच ठिपका मध्यावर घेतला जातो.

वस्तू मागणं

अलाइनमेंट झालं की ग्रहांच्या यादीतून एक ग्रह निवडून एंटर दाबा. सिनस्कॅनमध्ये मेसियेचा (तेजोमेघ, दीर्घिका अशा वस्तूंच्या एका यादीतला) क्रमांक तीन आकडी भरायचा. मृगातला तेजोमेघ 042, देवयानीची दीर्घिका 031. पहिल्या एंटरला माहिती येते, वस्तू पाहायची का असं विचारल्यावर पुन्हा एंटर दाबलं की दुर्बीण वळते. थांबल्यावर बीप वाजते. बीपच्या आधी आयपीसला डोळा लावू नका, नळी डोक्याला लागते.

वस्तू आयपीसच्या कडेला पडत असेल तर सिनस्कॅनवर एस्केप दोन सेकंद दाबून धरा, वस्तू मध्यावर आणा, एंटर द्या. आकाशाच्या त्या भागापुरता नेम सुधारतो. अंधूक दीर्घिका शोधताना आधी जवळच्या ठळक ताऱ्यावर हे करून घ्यावं.

सेटअप आणि युटिलिटी

यात रोज शिरायची गरज नाही. ट्रॅकिंग, म्हणजे वस्तूच्या मागे हळूहळू फिरत राहणं, सायडेरिअलवर (ताऱ्यांच्या वेगावर) ठेवा, चंद्र बराच वेळ पाहायचा असेल तरच लूनर. ऑल्ट-अझ आणि विषुववृत्तीय अशा दोन्ही पद्धतींनी चालणाऱ्या माउंटवर सुरुवातीला ईक्यू की एझी असं विचारतात. वेज (माउंट तिरकं करणारा आधार) लावलेला नसेल तर एझी, म्हणजे ऑल्ट-अझ. तिथे ईक्यू (विषुववृत्तीय) पडलं तर वस्तू आयपीसमध्ये येते आणि सरकत बाहेर जाते. नेक्सस्टारमधला कॉर्डरॅप चालू ठेवा, म्हणजे बॅटरीची तार पायाभोवती गुंडाळत नाही. फॅक्टरी सेटिंगला हात लावला तर भरलेलं सगळं जातं, ते शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा.

नेक्सस्टारच्या युटिलिटीजमध्ये सन मेनू मुद्दाम बंद असतो. नळीच्या तोंडावर सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय तो उघडू नका, आणि तेव्हा फाइंडरही झाकलेला हवा. फिल्टरविना एक क्षण पुरतो, डोळा कायमचा जातो.

नो रिस्पॉन्स 16 किंवा 17 असं दिसलं तर रिमोटला मोटर बोर्डाकडून उत्तर मिळत नाही. 16 आडव्या दिशेच्या मोटरचा, 17 उंचीच्या. सिनस्कॅन अशा वेळी बोथ अ‍ॅक्सेस नो रिस्पॉन्स म्हणतो. रिमोटची तार दोन्ही टोकांना काढून टक आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा, बॅटरी मोजा. 12 च्या बरंच खाली असेल तर दोष तिचाच. रिमोट मेच्या उन्हात गाडीत ठेवू नका, स्क्रीन काळी पडते.

दुसऱ्या रात्री पुन्हा बसायचं असेल आणि दुर्बीण जागची हलणार नसेल तर बंद करण्याआधी सिनस्कॅनवर युटिलिटीमधून पार्क स्कोप, नेक्सस्टारवर युटिलिटीजमधून हायबरनेट करा. पुढच्या वेळी वीज दिल्यावर पार्कमधून सुरू करायचं का विचारलं की हो म्हणा, तारीख-वेळ भरा, अलाइनमेंट तसंच मिळतं. मधल्या काळात कुणी ट्रायपॉडला धक्का दिला असेल किंवा क्लच सैल करून नळी हाताने फिरवली असेल, तर नाही म्हणा आणि दोन तारे नव्याने घ्या.