सीएसएफ गळतीची डोकेदुखी: मणक्याचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी (सीएसएफ) गळू लागलं की उठून बसल्यावर डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं. अशा रुग्णाच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये ड्युराबाहेर (मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाबाहेर) पाणी दिसलं की भोकही तिथेच असणार, असं धरून चालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पाणी मानेपासून कमरेपर्यंत पसरू शकतं. छिद्र मात्र जेमतेम काही मिलिमीटरचं. सी१-सी२च्या (मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांच्या) मागे साठलेलं पाणी तर हमखास चकवतं. गळती बहुधा खूप खाली असते, म्हणून तेवढ्यावरून तिथे ब्लड पॅच (गळती बुजवायला रुग्णाचंच रक्त टोचणं) द्यायला जाऊ नका.

पुढच्या बाजूचं छिद्र बहुतेकदा छातीच्या मणक्यांत, डिस्कपाशी वाढलेल्या टोकदार हाडामुळे पडतं. पातळ स्लाइसच्या सीटीत ते टोक शोधा. नेहमीच्या सीटी मायलोग्राममध्ये डाय (स्कॅनवर उजळणारं द्रव्य) सीएसएफमध्ये टोचून रुग्णाला सीटीवर हलवेपर्यंत ती अनेक पातळ्यांवर पसरलेली असते आणि जागा हातची जाते. अशा वेळी रुग्णाला सीटी टेबलावरच पालथं झोपवून, कंबर उंच ठेवून, डाय जाताजाताच स्कॅन घ्यावा लागतो.

बाहेर पाणी नाही म्हणजे गळती नाही, हा निष्कर्षही घाईचा. सीएसएफ-व्हीनस फिस्टुलात द्रव थेट शिरेत जातो, बाहेर साठत नाही. तो पकडायला रुग्णाला कुशीवर झोपवून मायलोग्राफी करतात, दोन्ही बाजूंची वेगवेगळी. एका कुशीचा अभ्यास कोरा आला म्हणून थांबू नका. मणक्याशेजारची एखादीच शीर डायने उजळलेली असते. विंडो (चित्राची उजळ-गडद पातळी) नीट लावली नाही तर ती नजरेतून सुटते. नर्व्ह रूटजवळच्या (मज्जातंतूच्या मुळाजवळच्या) पिशव्या मात्र निरोगी माणसांतही दिसतात. निव्वळ पिशवी दिसली म्हणून तिला दोषी ठरवू नका.

एमआरआयच्या सीक्वेन्सचंही (चित्र घेण्याच्या पद्धतीचंही) बघा. साध्या टी-२ सीक्वेन्सवर चरबी आणि पाणी दोन्ही पांढरं. फॅट सप्रेशनशिवाय (चरबीची चमक दाबल्याशिवाय) फरक कळत नाही. संपूर्ण मणका घ्या, ॲक्झियल (आडव्या) कापांसह.

पाठीतून पाणी आधी काढलं असेल, तर सुईच्या भोकातून झिरपलेलं पाणीच गळती म्हणून वाचलं जाण्याची शक्यता असते. म्हणून एमआरआय आधी. आणि सीएसएफचा दाब पाण्याच्या ६ सेंटिमीटरच्या वर आला म्हणून निदान खोडू नका. यातल्या बऱ्याच रुग्णांचा दाब नॉर्मलच भरतो.