आवडलेल्या थरारलेखकाची जुनी कादंबरी कशी वाचावी

गाजलेली थरारकादंबरी रात्री जागून संपवली की दुसऱ्याच दिवशी त्या लेखकाचं आणखी काय मिळतं याचा शोध सुरू होतो. हाती लागतं ते बहुधा आधीचं पुस्तक, आणि पन्नासेक पानांत हिरमोड होतो. गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (२०१२) वाचल्यावर तिची पहिली कादंबरी 'शार्प ऑब्जेक्ट्स' (२००६) मी अशीच अर्धवट टाकली होती. वर्षभराने पुन्हा उचलली आणि आता तीच मला जास्त जवळची वाटते. मधल्या काळात माझी वाचायची रीत बदलली, ती अशी.

१. पुस्तकाचं वय बघा. एखादं पुस्तक गाजलं की लेखकाच्या जुन्या पुस्तकांना नवं मुखपृष्ठ चढतं. तेच रंग, तसाच टाइप, वर गाजलेल्या पुस्तकाचं नाव ठसठशीत. म्हणून आतलं कॉपीराइटचं पान काढा आणि पहिल्या प्रकाशनाचं साल वाचा. अनुवाद असेल तर मूळ भाषेतलं साल शोधा. केइगो हिगाशिनोची 'मॅलिस' इंग्रजीत २०१४ साली आली, 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'नंतर तीन वर्षांनी. जपानीत मात्र ती १९९६ची, म्हणजे 'सस्पेक्ट एक्स'च्या नऊ वर्षं आधीची.

२. मालिका आहे का ते तपासा. डॅन ब्राउनचा रॉबर्ट लँग्डन २००० सालच्या 'एंजल्स अँड डेमन्स'मध्ये पहिल्यांदा भेटतो, 'द दा विंची कोड' २००३ची. सिनेमे मात्र उलट्या क्रमाने आले, त्यामुळे गोंधळ होतो.

३. मध्ये खंड पडू द्या. निदान दोन आठवडे, आणि त्यात वेगळ्याच प्रकारचं काहीतरी वाचा. मोठी कलाटणी नुकतीच पचवलेली असते तेव्हा प्रत्येक पात्र खोटं बोलतंय असं वाटतं. त्या संशयात साधं वर्णनसुद्धा नीट वाचलं जात नाही.

४. ही कादंबरी कोणता प्रश्न विचारते ते ओळखा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. 'गॉन गर्ल'मध्ये नवरा-बायको आळीपाळीने बोलतात आणि कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न आपल्याला पुढे ओढतो. 'शार्प ऑब्जेक्ट्स'मध्ये एकच निवेदक आहे: मुलींच्या खुनांची बातमी करायला आपल्या जुन्या गावी परतलेली पत्रकार. खुनी कोण, हा प्रश्न तिथेही आहे, पण खरी भीती तिच्या आईच्या घरात आहे. पहिल्या खेपेला मी धक्क्याची वाट बघत आईचे प्रसंग भराभर चाळले होते. दुसऱ्यांदा तेच प्रसंग सावकाश वाचले, आणि त्या घरातल्या जपणुकीनेच अंगावर काटा आला.

जॉन ग्रिशमची 'अ टाइम टू किल' (१९८९) याहून वेगळी. गोळ्या कोणी झाडल्या हे सुरुवातीपासून माहीत असतं. मुलीवर अत्याचार करणाऱ्यांना बापाने मारलंय. ज्यूरी काय ठरवणार, एवढाच प्रश्न उरतो. पहिली आवृत्ती अवघी ५,००० प्रतींची होती. १९९१च्या 'द फर्म'ने नाव झाल्यावर वाचक मागे वळून तिच्याकडे आले. 'द फर्म'चा पाठलाग तिच्यात शोधाल तर कोर्टाचं कामकाज रटाळ वाटेल. ज्यूरीच्या निवडीपासून लक्ष देऊन वाचा, मग ती सोडवत नाही.

५. शंभर पानं द्या. तोवर कोणाच्याच जिवाची काळजी वाटली नाही तर खुशाल सोडा.

६. पेन्सिल जवळ ठेवा. आवडत्या पुस्तकाची आठवण झाली की समासात एक रेघ मारा: तशीच आई, तसंच गाव, प्रकरणाचा तसाच तुटक शेवट. कादंबरी संपली की गाजलेल्या पुस्तकाची पहिली दहा पानं पुन्हा काढा आणि त्या रेघा शेजारी ठेवून वाचा.