मोटारीची लघुप्रतिकृती: बॉडी आधी, इंजिन नंतर

मोटारीच्या किटमधली सूचनापत्रिका बहुधा इंजिनापासून किंवा चेसिसपासून (गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून) सुरू होते आणि बॉडी थेट शेवटच्या पानावर येते. हा जोडणीचा क्रम आहे, कामाचा नव्हे, आणि पहिलेच किट हाती घेणाऱ्याला हा फरक सहसा कोणी सांगत नाही. बॉडीला दिलेला रंग वरवर तासाभरात वाळतो, परंतु आतपर्यंत मुरून पॉलिश करण्याइतका कठीण व्हायला त्याला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून बॉडीचे काम पहिल्याच दिवशी हाती घ्यावे आणि ती मुरत असताना इंजिन, चाके व आतला भाग करावा. पत्रिकेच्या क्रमाने गेल्यास बाकी सगळे तयार होऊन बसते, गाडी पूर्ण पाहण्याची घाई झालेली असते, आणि ज्या कामाला सर्वांत जास्त सबुरी लागते ते नेमके त्याच वेळी समोर येते. माझ्या पहिल्या तीन गाड्यांवर बोटांचे ठसे आहेत ते यामुळेच.

किट आणि प्रमाण

मोटारींच्या प्लास्टिक किटमध्ये १:२४ आणि १:२५ ही दोन प्रमाणे सर्वाधिक रुळलेली आहेत. टामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या जपानी कंपन्यांच्या बहुतेक मोटारी १:२४ मध्ये असतात, तर एएमटीसारख्या अमेरिकी कंपन्यांची परंपरा १:२५ ची आहे. साडेचार मीटर लांबीची गाडी पहिल्या प्रमाणात १८.७५ सेंटिमीटर आणि दुसऱ्यात बरोबर १८ सेंटिमीटर भरते. कपाटात शेजारी ठेवल्यावर हा फरक फारसा जाणवत नाही, मात्र एका किटची चाके दुसऱ्या किटला बसवू गेल्यास तो लगेच लक्षात येतो. १:१२ ची मोठी किटे देखणी असतात, पण ती पहिल्या कामासाठी नव्हेत. सुरुवातीला इंजिन नसलेले, बॉनेट बंद असलेले किट घ्यावे, कारण त्यात सगळे लक्ष बॉडीच्या रंगावर देता येते आणि या छंदातले खरे कौशल्य तिथेच लागते.

प्रमाणाचा विचार केवळ लांबीपुरता नाही. खऱ्या गाडीवरच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. २४ ने भागल्यास ती चार ते सहा मायक्रॉन होईल, आणि इतका पातळ रंग कोणत्याही फवाऱ्याने देता येत नाही. दार आणि बॉडी यांच्यातली चार मिलिमीटरची फट प्रतिकृतीत ०.१७ मिलिमीटरच उरते. म्हणजे आपण दिलेला रंगाचा प्रत्येक हात प्रमाणापेक्षा कितीतरी जाड असतो आणि तो फटी बुजवतो, कडा गोल करतो, कोरीव चिन्हे झाकून टाकतो. पुढे सांगितलेल्या जवळपास प्रत्येक कृतीमागे हे एकच कारण आहे.

रंगापूर्वीची बॉडी

प्लास्टिकचे भाग साच्यातून सुटे व्हावेत म्हणून वापरलेल्या पदार्थाचा तेलकट अंश कधी कधी त्यांच्यावर राहतो, म्हणून बॉडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, मऊ दातब्रशने धुऊन वाळवावी. त्यानंतर ती दिव्यासमोर तिरपी धरावी. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक उंचवट्याची रेघ दिसेल. ती बहुधा पुढच्या व मागच्या चाकांवरून आणि छताच्या खांबांवरून जाते. खऱ्या गाडीवर अशी रेघ नसते, त्यामुळे ती घासून काढणे आवश्यक आहे. पात्याची पाठ टेकवून हलकेच खरवडावे, मग ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह वापरावा. प्लास्टिक जिथे जाड असते तिथे ते थंड होताना आत ओढले जाऊन खळगी पडते. तिथे लांबी (खळगे बुजवण्याची पुट्टी) भरून, ती पूर्ण सुकल्यावर घासून सपाट करावी. लांबी सुकल्यावर आक्रसते, म्हणून एकदम जाड थापण्याऐवजी दोन पातळ थर बरे.

आता दारांच्या, बॉनेटच्या आणि डिकीच्या रेषा खोल कराव्यात. रंगाचे चार-सहा हात चढले की उथळ रेषा नाहीशी होते आणि ती नंतर कोरायला गेल्यास रंग फुटतो. रेषा कोरण्याचे खास हत्यार मिळते. ते नसल्यास धारदार पात्याच्या टोकाची मागची बाजू मूळ रेषेतून अलगद, पाच-सहा वेळा ओढावी. पहिल्या दोन वेळा हातावर अजिबात भार देऊ नये, कारण हत्याराला वाट सापडण्याआधी जोर लावला की ते रेषेबाहेर घसरते.

याच टप्प्यावर बॉडी, चेसिस, सीटांचा भाग आणि काचा गोंद न लावता एकत्र बसवून पाहाव्यात. चाके कमानीच्या मधोमध येतात का, चेसिस आत सरकवताना बॉडीच्या कडा किती ताणाव्या लागतात, काचा कुठे अडतात, हे आताच कळायला हवे. रंगवून पॉलिश केलेली बॉडी चेसिसवर चढवताना तडकली, तर त्या दोषाला इलाज उरत नाही. पुढचा बंपर किंवा स्पॉइलर बॉडीच्याच रंगाचा असेल आणि नंतर चिकटवल्याने सांधा दिसणार असेल, तर तो आताच जोडून घ्यावा.

गोंदांबाबत थोडे सांगायला हवे. पॉलिस्टायरीनसाठीचा, म्हणजे किटच्या प्लास्टिकसाठीचा, पातळ गोंद खरे तर द्रावक असतो. दोन्ही पृष्ठभाग तो विरघळवतो आणि ते एकजीव होतात. भाग आधी जुळवून धरावेत आणि फटीला गोंदाचा ब्रश नुसता टेकवावा. तो आपोआप आत ओढला जातो. रंगावर आणि क्रोमवर मात्र हा गोंद काम करत नाही, त्यामुळे चिकटवायच्या जागेवरचा मुलामा आधी खरवडावा लागतो.

रंग

रंगांचे तीन मुख्य प्रकार आहेत: लॅकर, एनॅमल आणि ॲक्रिलिक. लॅकर लवकर वाळतो, कठीण होतो आणि उत्तम पॉलिश घेतो, म्हणून बॉडीसाठी मी त्यालाच पसंती देतो. एक नियम कायम ध्यानात ठेवावा: लॅकरवर एनॅमल चालते, पण एनॅमलवर लॅकर चालत नाही, कारण लॅकरमधले तीव्र द्रावक खालच्या थरात शिरते आणि रंग सुरकुततो. लॅकरची वाफ आरोग्याला घातक असते. खिडकी उघडी असावी, हवा बाहेर फेकणारा पंखा असावा, आसपास ज्योत नसावी, आणि सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मुखवटा तोंडावर असावा. धुळीचा कापडी मुखवटा इथे निरुपयोगी आहे. क्लिअर म्हणजे रंगावर द्यायचा पारदर्शक थर. दोन घटकांच्या युरेथेन क्लिअरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात आणि ते श्वसनमार्गाला कायमची इजा करू शकतात, त्यामुळे तो आरशासारखा चमकत असला तरी नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. राखाडी प्रायमरवर घासल्याच्या खुणा आणि उरलेले खळगे स्पष्ट दिसतात, म्हणून तपासणीसाठी तोच चांगला. पिवळा, लाल किंवा पांढरा रंग द्यायचा असल्यास त्यावर पांढऱ्या प्रायमरचा एक पातळ हात द्यावा, नाहीतर रंग मळकट उतरतो. किटचे प्लास्टिकच लाल असेल, तर त्याचा रंग वरच्या थरांत झिरपू शकतो. मी एकदा लाल बॉडीवर पांढरा रंग दिला आणि काही दिवसांत तो गुलाबी झाला. तेव्हापासून रंगीत प्लास्टिकवर मी आधी चंदेरी रंगाचा थर देतो, त्याने झिरपणे अडते.

स्प्रेचा डबा वापरणार असाल, तर तो कोमट पाण्यात काही मिनिटे धरावा. दाब वाढतो आणि फवारा बारीक पडतो. पाणी हाताला सहज सोसवेल इतकेच कोमट असावे. उकळत्या पाण्यात किंवा आचेजवळ डबा नेणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण आहे. डबा बॉडीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरावा. फवारा बॉडीच्या आधी सुरू करावा आणि बॉडी ओलांडून गेल्यावरच थांबवावा. एअरब्रशसाठी (दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्यारासाठी) ०.३ मिलिमीटरचे नोझल, १५ ते २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब आणि दुधाइतका पातळ रंग हे सुरुवातीचे माप मानावे. अंतर १० ते १५ सेंटिमीटर. पातळ केलेला रंग भांड्याच्या कडेवर चढवून पाहावा: तो पातळ पापुद्रा मागे ठेवून सावकाश खाली उतरला, तर योग्य झाला.

पहिले दोन हात धुक्यासारखे हलके असावेत. त्यांनी खालचा रंग झाकला जात नाही, आणि तसा झाकायचाही नसतो. पुढच्या हाताला पकड मिळावी एवढेच त्यांचे काम. दहा-पंधरा मिनिटांनी मध्यम हात आणि शेवटी एक ओला हात द्यावा, ज्यात रंग क्षणभर पाण्यासारखा चकाकतो आणि स्वतःच सपाट होतो. ओल्या हाताची मर्यादा ओघळ येण्याच्या अगदी अलीकडे असते. ती नजरेला कळेपर्यंत बॉडीवर प्रयोग करू नयेत. प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर सराव करावा, कारण चमच्याचा बाक छताच्या आणि मडगार्डच्या बाकासारखाच असतो. फार दुरून फवारल्यास रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. हवा दमट असेल, तर लॅकरवर पांढरट छटा येते. अशा दिवशी रंगकाम पुढे ढकलावे. मेटॅलिक रंग प्रतिकृतींसाठी बनवलेलाच घ्यावा, कारण खऱ्या गाडीच्या रंगातले चमचमते कण या प्रमाणात खड्यांएवढे दिसतात.

ओघळ आलाच, तर हात लावू नये. तो पूर्ण वाळू द्यावा, १५०० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करावा आणि पुन्हा एक हात द्यावा. ओल्या रंगात केलेली प्रत्येक दुरुस्ती दोष वाढवते.

डिकाल, क्लिअर आणि पॉलिश

डिकाल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून लावायची छापील चिन्हे) असल्यास ते क्लिअरच्या आधी लावावेत. कापलेला तुकडा कोमट पाण्यात काही सेकंद बुडवून बाहेर ठेवावा आणि तो कागदावर सहज सरकू लागला की जागेवर न्यावा. बाकदार भागावर डिकाल मऊ करणारे द्रावण लावल्यावर तो भयंकर सुरकुततो, पण अशा वेळी त्याला स्पर्श करू नये. वाळताना तो आपोआप आकार धरतो. आत हवा अडकली, तर सुईने टोचून पुन्हा थेंबभर द्रावण सोडावे. निदान एक दिवस वाळल्यावर क्लिअरचे पहिले हात अतिशय हलके द्यावेत, कारण लॅकरचा ओला हात थेट डिकालवर पडला तर तो विरघळू शकतो.

क्लिअर दिल्यावर बॉडी धूळविरहित डब्यात ठेवून विसरून जावी. तिला नाक लावून पाहावे: द्रावकाचा वास येत असेल, तर रंग अजून मुरलेला नाही. वास पूर्ण गेल्यावरच पॉलिश सुरू करावे. २००० पासून वरच्या नंबरांचे कागद पाण्यात साबणाचा थेंब टाकून, सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवावेत आणि प्रत्येक टप्प्यावर बॉडी धुवावी. उठलेल्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तिथेच तो घासून निघतो, म्हणून कडांवर बारीक मास्किंग टेप लावून मगच घासावे. पृष्ठभाग सारखा मंद झाला की जाड, मध्यम आणि बारीक अशा क्रमाने कंपाउंड (पॉलिशची लेई) मऊ कापडावर घेऊन तकाकी आणावी. रेषांत अडकलेले पांढरे कंपाउंड ओल्या दातब्रशने काढून टाकावे.

रेषांत एनॅमलचा पातळ गडद रंग सोडल्यास दारे वेगळी असल्याचा भास होतो. पांढऱ्या गाडीला काळा रंग वापरू नये, राखाडी पुरतो. लाल गाडीला गडद तपकिरी शोभतो. खिडक्यांच्या धातूच्या पट्ट्यांसाठी मागे चिकट असलेली अतिशय पातळ धातूची फॉइल मिळते; ती दातकोरणीने दाबून बसवावी आणि नव्या पात्याने, रंगापर्यंत न पोचता कापावी. रंगवलेल्या चंदेरी पट्टीला तिची सर येत नाही.

उरलेले भाग

बॉडी मुरते आहे त्या दिवसांत आतला भाग करावा. डॅशबोर्ड, सीटा आणि गालिचा खऱ्या गाडीत काळे असले, तरी तिन्हींना एकच काळा रंग देऊ नये: डॅशबोर्ड मॅट, सीटा अर्धचमकदार आणि गालिचा गडद राखाडी ठेवल्यास प्रत्येक वस्तू वेगळी ओळखू येते. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर साच्याची रेघ असते आणि रबर लखलखते. ४०० नंबरच्या कागदावर टायर फिरवला की दोन्ही दोष जातात.

काचांच्या कडांचा काळा पट्टा आतल्या बाजूने रंगवावा आणि काचा पारदर्शक वाळणाऱ्या पांढऱ्या गोंदाने बसवाव्यात. सुपरग्लू इथे कटाक्षाने टाळावा. त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके धरते. आतून बोटांचे ठसे पुसून मगच चेसिस बॉडीत सरकवावे. आरसे, वायपर आणि अँटेना अगदी शेवटी, गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतर लावावेत, कारण त्याआधी लावलेला आरसा चेसिस बसवताना हमखास तुटतो.