खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी वैद्यकीय व वैज्ञानिक तज्ज्ञांचा सल्ला कसा घ्यावा

चाचणी-प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हाती आले, की सुरक्षिततेचे काम संपले, असे अनेक खेळणी-उत्पादक मानतात. प्रयोगशाळा मात्र मानकात लिहिलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते, आणि मानकांतील कित्येक कलमे मुलांना इजा झाल्यानंतर लिहिली गेली आहेत. ज्या धोक्याचे कलम अजून कुठेच नाही, तो आधी ओळखायचा असेल, तर मुलांचे शरीर, त्यांचे वागणे आणि पदार्थांचे गुणधर्म जाणणारी माणसे कंपनीच्या कामात सुरुवातीपासून असावी लागतात.

तज्ज्ञ निवडताना नावलौकिकापासून नव्हे, तर खेळण्यापासून सुरुवात करावी. खेळण्यात काय आहे, ते कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती जाणार आहे आणि घरात त्याच्याहून लहान भावंड असेल तर ते त्याचे काय करील, हे आधी लिहून काढावे. सुटे भाग असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ हवा, कारण श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तू प्रत्यक्ष बाहेर काढण्याचा अनुभव त्याच्याकडे असतो. रंग, प्लॅस्टिक, द्रव किंवा सुगंध असेल तर विषविज्ञानतज्ज्ञ, आवाज असेल तर श्रवणतज्ज्ञ. बालविकासाचा अभ्यासक मात्र प्रत्येक वेळी हवाच. वेष्टनावर छापलेले वय आणि मुलाची प्रत्यक्ष क्षमता यांत किती अंतर आहे, हे तोच सांगू शकतो. माझ्या मते बालरुग्णांच्या आपत्कालीन विभागात काम करणारा डॉक्टर या मंडळात सर्वांत मोलाचा असतो, कारण खेळण्यांमुळे होणाऱ्या इजा अहवालांत येण्याआधी त्याच्यासमोर येतात.

त्यानंतर प्रश्न ठरवावेत. ‘हे खेळणे सुरक्षित आहे का?’ असे विचारल्यास उत्तरही तितकेच मोघम मिळते. त्याऐवजी, हा भाग सुटला आणि गिळला गेला तर शरीरात कोणत्या क्रमाने काय घडेल, पालकांना ते किती वेळात कळेल आणि तोपर्यंत किती हानी झालेली असेल, असे विचारावे. चुंबकाचे उदाहरण घ्या. एक लहान चुंबक गिळला गेला तर तो अनेकदा आपोआप बाहेर पडतो. परंतु दोन शक्तिशाली चुंबक वेगवेगळ्या वेळी पोटात गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेथे छिद्र पडते. सुरुवातीला मुलाला साध्या पोटदुखीपलीकडे काही जाणवत नाही. हा क्रम एकदा कानी पडला, की चुंबक डिंकाने चिकटवायचा की प्लॅस्टिकच्या आत पूर्णपणे बंदिस्त करायचा, हा निर्णय केवळ खर्चाचा राहत नाही.

बटणाच्या आकाराच्या बॅटरीबाबतही असेच आहे. साधारण २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर ऊतींमधून विद्युतप्रवाह वाहू लागतो, ऋण ध्रुवाजवळ तीव्र अल्कली तयार होते आणि सुमारे दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. खेळणे चालवण्याइतकी शक्ती न उरलेला सेलही अशी इजा करू शकतो, ही बाब अभियंत्यांच्या सहसा लक्षात येत नाही; ती डॉक्टरांकडूनच येते. त्यामुळे बॅटरीचा कप्पा हत्याराशिवाय उघडू नये, एवढ्यावर न थांबता, खेळणे उंचावरून पडून फुटले तरी सेल बाहेर येणार नाही अशी रचना करावी.

मानकातील मोजमापे तज्ज्ञांसमोर ठेवावीत, पण त्यांना अंतिम मानू नये. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील भाग घशात अडकण्याइतके लहान आहेत का, हे तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोकळ दंडगोलाचा आतील व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि त्याचा तळ तिरका असून खोली २५.४ पासून ५७.१ मिलिमीटरपर्यंत असते. त्यात पूर्ण मावणारा भाग नाकारला जातो. परंतु न मावणारा प्रत्येक भाग निर्धोक असतो, असे नाही. वाटीसारखा अर्धगोल भाग गिळता येत नसला, तरी तो नाक आणि तोंड झाकून घट्ट बसू शकतो. पाण्यात फुगणारे मणी गिळताना बारीक असतात, आतड्यात जाऊन मोठे होतात आणि साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसतही नाहीत.

रसायनांच्या बाबतीत सल्लागाराला केवळ पदार्थांची यादी देणे पुरेसे नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात ‘बिंडीझ’ नावाचे, पाणी लागताच एकमेकांना चिकटणारे मणी गिळल्याने मुले बेशुद्ध पडली. त्या मण्यांत १,५-पेंटेनडायॉल असणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात १,४-ब्यूटेनडायॉल निघाले, ज्याचे शरीरात गॅमा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या गुंगी आणणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते. खेळणे बाजारात गेल्यावर, रुग्णालयाच्या चयापचय प्रयोगशाळेत हे उघड झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मणी परत मागवले गेले. यावरून दोन नियम करावेत. पुरवठादाराने कोणताही घटक बदलला, तरी नवा माल विषविज्ञानतज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. आणि प्रत्येक घटकाबाबत तो शरीरात गेल्यावर त्याचे कशात रूपांतर होते, हे विचारावे. नमुने कारखान्यातल्या नेहमीच्या उत्पादनातून उचलावेत, खास तपासणीसाठी बनवून घेऊ नयेत.

सल्ला केव्हा घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे: साचा बनवण्याआधी. साच्यावर पैसा खर्च झाला, की गंभीर आक्षेपाचीही बोळवण वेष्टनावरच्या इशाऱ्याने होते. इशारा हा शेवटचा उपाय आहे. आधी धोका रचनेतूनच काढून टाकावा, ते जमत नसेल तर त्याला आवरण घालावे आणि तरीही जे उरते त्यासाठीच शब्द वापरावेत. दुसरी बैठक पहिल्या नमुन्यावर घ्यावी आणि तिच्यात तुटलेली, चावलेली, धुतलेली खेळणीही टेबलावर असावीत, कारण मुलांच्या हाती खेळणे नवे फार काळ राहत नाही.

करारात काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. मानधन निष्कर्षावर किंवा विक्रीवर अवलंबून नसावे आणि सल्लागाराकडे कंपनीचे समभाग नसावेत. व्यापारी गुपिते जपण्याचे कलम जरूर घालावे, परंतु गंभीर धोका आढळल्यास नियामक यंत्रणेला कळवण्याची मुभा त्या कलमाने काढून घेतली जाऊ नये. तज्ज्ञाचे नाव किंवा पदवी जाहिरातीत वापरण्याचा मोह टाळावा. ज्याचा चेहरा वेष्टनावर छापला जातो, त्याला पुढच्या बैठकीत नकार देणे अवघड होते.

प्रत्येक आक्षेपाची नोंद तज्ज्ञाच्या स्वतःच्या शब्दांत ठेवावी आणि कंपनीने काय केले किंवा का केले नाही, याचे लेखी उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावे. तज्ज्ञांमध्ये मतभेद झाले तर सरासरी काढून मधला मार्ग शोधू नये. श्वासनलिकेबद्दल कान-नाक-घसा तज्ज्ञाने घेतलेला आक्षेप इतर तिघांना पटला नाही, म्हणून रद्द होत नाही. अशा वेळी उत्पादन थांबवण्याचा अधिकार विक्री विभागाबाहेरच्या एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा.

विक्री सुरू झाल्यावर मंडळ विसर्जित करू नये. ग्राहकांच्या तक्रारी, परत आलेले माल आणि ‘काही झाले नाही, पण थोडक्यात वाचलो’ अशा आशयाची पत्रे नियमितपणे तज्ज्ञांना दाखवावीत. शिवाय प्रत्येक खेळण्याची एक वैद्यकीय माहितीपत्रिका तयार असावी: सर्व घटकांची रासायनिक नावे व प्रमाण, सुट्या भागांची मापे, चुंबक व बॅटरीचा प्रकार आणि कोणता भाग क्ष-किरणांत दिसतो, कोणता दिसत नाही. ही पत्रिका विषबाधा माहिती केंद्रांकडे आधीच पाठवावी आणि रुग्णालयातून रात्री-अपरात्री फोन आला तरी ती वाचून दाखवू शकेल अशी व्यक्ती कंपनीत नेमलेली असावी.